आमच्याकडून रस्ता आहे

बीजीपी, म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, ही इंटरनेटच्या सीमेवर बसलेल्या राउटरांची आपापसात बोलायची भाषा आहे. तिच्यात कामाची वाक्ये दोनच. पहिले, ‘अमुक पत्ते आमच्याकडून गाठता येतात’ आणि दुसरे, ‘आता येत नाहीत’. पहिले वाक्य बोलण्याला तंत्रज्ञ ‘रूट अ‍ॅडव्हर्टाइज करणे’ म्हणतात. शब्दाला शब्द ठेवला तर ती जाहिरात होते, पण जाहिरातीला निदान पैसे पडतात. ही फुकट असते, आणि ऐकणारा ती स्वखुशीने पुढच्याला सांगतो. त्यामुळे ‘दवंडी’ हा शब्द अधिक जवळचा. फरक इतकाच, की गावात दवंडी पिटणाऱ्याला पाटलाने पाठवलेले असते. बीजीपीत पाटील नाही.

पाटील का नाही, हे कळायला इंटरनेटची घडण पाहावी लागते. ते एकच एक जाळे नाही. टेलिफोन कंपन्या, केबलवाले, विद्यापीठे, बँका, गूगलसारखे धनाढ्य यांची आपापली जाळी आहेत आणि ती एकमेकांना जोडलेली आहेत. अशा प्रत्येक जाळ्याला ‘ऑटोनॉमस सिस्टिम’, थोडक्यात एएस, म्हणतात. मराठीत ‘स्वायत्त’ म्हणायला हरकत नाही, कारण आत काय चालते हे बाहेर सांगण्याची कोणावरही सक्ती नसते. प्रत्येक एएसला एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक आधी १६ बिटांचा होता, म्हणजे जगाचे साधारण पासष्ट हजारांत भागेल असा हिशेब होता. २००७ मध्ये तो ३२ बिटांचा करावा लागला. भारतात हे क्रमांक आणि पत्ते वाटण्याचे काम निक्सी या राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजच्या छत्राखालची आयआरआयएनएन ही यंत्रणा करते, आणि तिच्या वर ब्रिस्बेनची एपीनिक असते. मात्र ही कार्यालये क्रमांक देतात तेवढेच. क्रमांक घेऊन गेलेला माणूस नंतर चावडीवर काय बोलतो, हे ऐकायला तिथे कोणी बसलेले नसते.

सगळ्या एएसांच्या दवंड्या एकत्र केल्या तर आज जुन्या धाटणीच्या, म्हणजे आयपीव्ही४ पत्त्यांच्याच, दहा लाखांच्या आसपास वाटा भरतात. इतके असूनही जगाचा नकाशा एकाही राउटरकडे नाही. त्याच्याकडे असते ती कोणत्या शेजाऱ्याने काय सांगितले याची वही. त्या शेजाऱ्याकडेही त्याच्या शेजाऱ्यांनी सांगितलेल्याची वहीच असते. माहितीचे पॅकेट मुंबईहून साओ पावलोला जाते ते अशा वह्यावह्यांमधून, आणि बहुतेक वेळा पोहोचते, हे या विषयातले पहिले आश्चर्य.

प्रोटोकॉलचा जन्म जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात झाला. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंडळींची बैठक होती. जेवणाच्या सुट्टीत सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी नव्या प्रोटोकॉलची रूपरेषा कागदी नॅपकिनवर खरडली. नॅपकिन दोन होते असे एक घराणे मानते, तीन होते असे दुसरे, आणि त्यांवर केचपचे डाग होते असेही म्हणतात. त्याआधी ईजीपी नावाचा प्रोटोकॉल होता, पण तो इंटरनेटला झाडासारखे समजे. मधे एक खोड, त्याला फांद्या, आणि फांदीने फांदीला परस्पर भेटायचे नाही. इंटरनेट मात्र तोवर वडाच्या वळणावर गेले होते आणि जिथे तिथे पारंब्या उतरत होत्या. नॅपकिनवरचा उपाय तात्पुरता होता. जून १९८९ मध्ये तो अधिकृत कागदावर आला, १९९४ च्या सुमारास त्याची चौथी आवृत्ती निघाली आणि तीच आजतागायत चालू आहे. तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य किती असते, हे भाडेकरू ठेवलेल्या कोणत्याही घरमालकाला विचारावे.

दोन राउटर एकमेकांशी आपणहून बोलू लागत नाहीत. त्यांची ओळख करून द्यावी लागते, तीही दोन्हीकडून. एका बाजूच्या अभियंत्याने आपल्या राउटरमध्ये समोरच्याचा पत्ता आणि एएस क्रमांक लिहायचा, दुसऱ्या बाजूच्यानेही तसेच करायचे. एकाही अंकाची चूक झाली तर बोलणे पुढे जात नाही. पत्रिका जुळवतानाही इतकी काटेकोरी दाखवत नाहीत. बोलणी टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर होतात आणि त्यांच्या पायऱ्यांना नावे आहेत. त्यांतल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या पायरीने अनेक नवशिक्यांना फसवले आहे. पडद्यावर ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसले की नवशिका निर्धास्त होऊन चहाला जातो. प्रत्यक्षात तिचा अर्थ, राउटर अजून समोरच्याच्या दारात ताटकळत आहे, असा होतो. संबंध जुळला की ‘एस्टॅब्लिश्ड’ हा शब्द येतो, आणि चहाला जायचे ते तेव्हा.

बीजीपीचा प्रत्येक निरोप १६ बाइटभर नुसत्या एकांनी सुरू होतो. पूर्वी या जागेचा उपयोग निरोपाची खातरजमा करण्यासाठी व्हायचा होता. तो बेत मागे पडला, जागा मात्र राहिली, आणि आता तिच्यात सगळे एक भरावेत असा नियम आहे. कागदाच्या माथ्यावर ‘॥ श्री ॥’ लिहितात, तशातला हा प्रकार. मजकुराशी संबंध नाही, पण नसला तर समोरचा वाचतच नाही.

पहिल्या निरोपात दोघे आपापला क्रमांक सांगतात आणि किती वेळ शांतता सहन करायची हे ठरवतात. दोघांच्या आकड्यांत तफावत असली तर लहान आकडा धरतात, म्हणजे घरात ज्याला लवकर राग येतो त्याच्या घड्याळाने चालायचे. त्यानंतर सांगण्यासारखे काही नसले तरी अधूनमधून १९ बाइटांचा ‘कीपअलाइव्ह’ पाठवावा लागतो. त्यात मजकूर शून्य असतो. १६ बाइट श्रीकार, दोन बाइट लांबी, एक बाइट प्रकार, संपले. ठरलेल्या मुदतीत हा हुंकार आला नाही, तर समोरचा गेला असे समजून संबंध तोडायचा आणि त्याने आजवर सांगितलेली प्रत्येक वाट वहीतून खोडायची. सात लाख वाटा असल्या तर सात लाख.

खरी दवंडी असते ती ‘अपडेट’ या निरोपात. तिच्यात पत्त्यांचा गट असतो, पुढचा मुक्काम असतो आणि त्या पत्त्यांपर्यंत कोणकोणत्या एएसमधून जावे लागते त्यांची यादी असते. ही यादी म्हणजे एएस-पाथ. दवंडी पुढे देताना प्रत्येक जण यादीच्या डोक्यावर आपला क्रमांक चढवतो. यातून एक फार सुंदर सोय झाली आहे. आलेल्या यादीत आपलाच क्रमांक दिसला, तर ही बातमी आपणच सोडलेली आहे आणि गावभर फिरून घरी आली आहे हे राउटर ओळखतो आणि ती फेकून देतो. माणसांमध्ये ही सोय नसल्यामुळे आपणच उठवलेली अफवा ऐकून माणूस बँकेतले पैसे काढायला धावतो.

एकदा सांगितलेली वाट बीजीपी पुन्हा पुन्हा सांगत नाही. बदल झाला तरच बोलायचे, नाहीतर हुंकार. ही मितभाषी रीत वाट बंद पडते तेव्हा महागात पडते. मूळ मालकाने ‘आता येत नाहीत’ म्हटले की शेजारी ती वाट खोडतो, पण त्याच्या वहीत दुसऱ्या शेजाऱ्याने सांगितलेली, जरा लांबची वाट असते. ती त्याच बंद पडलेल्या वाटेवरून आलेली असते, याची त्याला कल्पना नसते. तो तिला पुढे करतो. मग तीही खोडली जाते, आणखी लांबची पुढे येते, आणि असे करत करत मेलेली वाट अनेकदा उठून बसते. आनंदाची बातमी काही सेकंदांत पोहोचते आणि जाण्याची बातमी मिनिटे घेते. या प्रकाराला ‘पाथ हंटिंग’ म्हणतात.

एकाच एएसच्या पोटातले राउटरही बीजीपी बोलतात, पण तिथे घरातल्या एकाकडून ऐकलेले घरातल्या दुसऱ्याला सांगायचे नाही असा दंडक आहे, कारण आतल्या आत यादी वाढत नाही आणि गोष्ट गोल फिरली तर कळत नाही. परिणामी प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट संबंध ठेवावा लागतो. शंभर राउटर असले तर ४,९५० संबंध. म्हणून पुढे ‘रूट रिफ्लेक्टर’ ही सोय निघाली. सगळ्यांनी तिलाच सांगावे आणि तिने सगळ्यांना सांगावे. एकत्र कुटुंबात हे पद पूर्वापार आत्याबाई सांभाळत आल्या आहेत.

एकाच ठिकाणच्या तीनचार वाटा हाती आल्यावर निवडायची कोणती, हा प्रकरणाचा गाभा. भाबडा वाचक म्हणेल, जवळची. राउटर आधी पाहतो तो ‘लोकल प्रेफरन्स’ नावाचा आकडा, आणि तो अभियंत्याने मालकाच्या खिशाकडे बघून लिहिलेला असतो. एएसचे एकमेकांशी नाते तीन प्रकारचे. ग्राहक पैसे देतो, पुरवठादार पैसे घेतो आणि बरोबरीचे दोघे ‘तुझे मी नेतो, माझे तू ने’ म्हणून फुकट देवाणघेवाण करतात. त्यामुळे ग्राहकाने सांगितलेली वाट सर्वांत लाडकी, मग बरोबरीच्याची, आणि पुरवठादाराची अगदीच नाइलाज झाला तर. पुढे सांगतानाही हेच सोवळे. ग्राहकाची वाट साऱ्या जगाला सांगायची. पुरवठादाराची किंवा बरोबरीच्याची फक्त आपल्या ग्राहकांना. एका पुरवठादाराची वाट दुसऱ्या पुरवठादाराला सांगितली, तर त्या दोन बड्यांची रहदारी आपल्या अंगणातून जाऊ लागते, आणि वर दोघांनाही पैसे आपणच द्यायचे.

पैशाने निकाल लागला नाही तर एएस-पाथची लांबी पाहतात. लांबी म्हणजे किलोमीटर नव्हेत, मधल्या संस्थांची संख्या. अटलांटिक ओलांडणारी कंपनी एक, आणि गल्लीपुरता केबलवालाही एक. या हिशेबात शेजारच्या इमारतीत जाण्यासाठी समुद्र ओलांडणे हेच शहाणपणाचे ठरू शकते. मुंबईतल्या दोन ग्राहकांमधली रहदारी परदेशाला वळसा घालून परत येई, ती देशातच राहावी म्हणून २००३ मध्ये निक्सी स्थापन झाली. सगळे सारखे ठरले, तर आपल्या हद्दीतून जो बाहेरचा दरवाजा सर्वांत जवळ, तो धरायचा; पॅकेट गरम बटाट्यासारखे असते आणि चटका बसण्याआधी दुसऱ्याच्या हातात द्यायचे असते. तरीही बरोबरी राहिली, तर शेवटच्या पायऱ्यांवर ज्या राउटरचा ओळख-क्रमांक लहान तो जिंकतो. खिसा, यादीची लांबी आणि दरवाजा यांची एवढी छाननी करून अखेर चिठ्ठ्या टाकल्यासारखेच.

लांब यादी मागे पडते हे कळल्यावर लोकांनी युक्ती काढली. एखाद्या वाटेने कमी रहदारी यावी असे वाटले, की तिच्या दवंडीत आपला क्रमांक दोनतीनदा जास्त चढवायचा. ‘आमच्याकडून रस्ता आहे, पण आमच्यातून, मग पुन्हा आमच्यातून आणि मग परत आमच्यातून.’ स्वतःचा माल वाईट आहे असे ओरडून सांगणारी जाहिरात जगात बहुधा एवढीच. १६ फेब्रुवारी २००९ रोजी चेक प्रजासत्ताकातल्या एका छोट्या जाळ्याने हाच प्रयोग केला. त्यांचा एएस क्रमांक ४७८६८. इतर राउटरांत चढवायचा क्रमांक लिहितात, यांचा राउटर ‘किती वेळा’ ते विचारत होता. अभियंत्याने सवयीने आपला क्रमांक लिहिला. किती वेळा? ४७,८६८ वेळा. त्या खणात एकच बाइट मावत असल्यामुळे राउटरने २५६ ने भागून उरलेले तेवढे घेतले, म्हणजे २५२. मग ‘आमच्यातून’ हा शब्द २५२ वेळा घेऊन ती दवंडी निघाली. वाटेत आणखी काहींनी आपापले क्रमांक चढवले आणि यादीने २५५ चा आकडा ओलांडला. त्याहून लांब यादी पचवू न शकणारे जुने राउटर संबंध तोडू लागले, पुन्हा जोडू लागले, तीच यादी पुन्हा ऐकू लागले आणि पुन्हा तोडू लागले. एका छोट्या जाळ्याच्या विनयाने जगभरची वाहतूक काही काळ डळमळली.

या सगळ्या निवडीच्या वर आणखी एक नियम बसलेला आहे आणि तो कोणाचेच ऐकत नाही. पत्त्यांचे दोन गट एकात एक बसत असतील, तर लहान गटाची वाट घ्यायची. ‘/२२’ म्हणजे १,०२४ पत्ते आणि ‘/२४’ म्हणजे २५६. तिरप्या रेघेपुढचा आकडा जेवढा मोठा तेवढा गट लहान, हे आधीच ठरले होते, त्याबद्दल आता तक्रार करून उपयोग नाही. पाटीवर ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापूर, शाहूपुरी’ असे दोन बाण असतील, तर शाहूपुरीला जाणारा दुसरा बाण धरतो. तो कोणी रंगवला, हे तो विचारत नाही.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी हा बाण पाकिस्तान टेलिकॉमने रंगवला. सरकारने यूट्यूब बंद करण्याचा हुकूम दिला होता. यूट्यूबची जाहीर वाट २०८.६५.१५२.०/२२ अशी होती. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्या २०८.६५.१५३.०/२४ या तुकड्याची वाट आपल्याकडे असल्याचे घोषित केले. ती वाट खड्ड्यात जाणारी होती आणि देशापुरती राहायची होती. ती निसटून हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या पुरवठादाराच्या कानी गेली, त्याने ग्राहकावर विश्वास ठेवून जगाला सांगितली, आणि जगभरची यूट्यूबची रहदारी पाकिस्तानच्या खड्ड्याकडे वळली. एका देशाला यूट्यूब दिसू नये म्हणून काढलेल्या हुकुमाची अंमलबजावणी सुमारे दोन तास पृथ्वीभर झाली; सरकारी हुकुमाला असे यश क्वचितच लाभते. यूट्यूबने आधी तसाच /२४ घोषित केला, मग त्याचे १२८ पत्त्यांचे दोन तुकडे करून /२५ ची दवंडी दिली, म्हणजे बाणाशेजारी आणखी बारीक बाण. अखेर पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तानकडून येणाऱ्या वाटा मागे घेतल्या तेव्हा प्रकरण निवळले.

याचा पूर्वज अधिक थोर होता. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतल्या एका सेवादाराच्या, एएस ७००७ च्या, राउटरने जगाकडून ऐकलेल्या वाटांचे /२४ असे बारीक तुकडे केले, त्यांवरची जुनी यादी पुसली आणि सगळे पत्ते आपल्याच घरात राहतात असे जाहीर केले. तुकडे लहान म्हणून पसंती, यादी आखूड म्हणून आणखी पसंती. राउटरची तार उपसली तरी दवंडी इतर जाळ्यांमध्ये फिरतच राहिली. बोलणारा गप्प झाला होता आणि ऐकणारे एकमेकांना सांगत होते.

भारतीय उदाहरण मार्च २०१५ मधले आहे. हाथवेला गूगलकडून मिळालेल्या तीनशेहून अधिक वाटा चुकून भारती एअरटेलला सांगितल्या गेल्या. एअरटेलच्या दृष्टीने हाथवे ग्राहक, आणि ग्राहकाची वाट सर्वांत लाडकी. एअरटेलने ती जगाला सांगितली आणि परदेशातलीही गूगलची रहदारी भारतातल्या केबलवाल्याच्या दारी येऊन थडकली. खोटे कोणीच बोलले नव्हते. वाट खरोखरच होती, फक्त बैलगाडीची. एप्रिल २०२१ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या एका एएसने तीस हजारांहून अधिक पराये गट आपले म्हणून सांगितले, तेही असेच नजरचुकीने.

वही किती जाड असावी, हाही प्रश्न एकदा ऐरणीवर आला. अनेक जुन्या राउटरांत वाटांसाठी ५१२ के, म्हणजे ५,२४,२८८, एवढी जागा मुळातच नेमून दिलेली होती. १२ ऑगस्ट २०१४ रोजी एका मोठ्या अमेरिकन कंपनीने आपले गट फोडून पंधरा हजारांच्या आसपास जादा वाटा थोडा वेळ जाहीर केल्या, आणि जगाची वही त्या रेषेपलीकडे गेली. अनेक राउटर अडखळले. रेषा जवळ येत असल्याचा इशारा निर्मात्यांनी महिनोन्‌महिने आधी दिला होता, उपायही सांगितला होता. पण त्यासाठी राउटर बंद करून सुरू करावा लागे, आणि चालत्या राउटरला हात लावायला कोणताही अभियंता राजी नसतो.

दुसऱ्या वाक्याचा, ‘आता येत नाहीत’चा, प्रताप ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिसला. फेसबुकच्या अंतर्गत जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने ते सबंध जाळेच खाली बसले. अशी आज्ञा अडवण्यासाठी नेमलेले तपासनीस सॉफ्टवेअर होते, त्यातच दोष निघाला. कंपनीच्या नावपत्त्यांचे डीएनएस सर्व्हर धडधाकट होते. पण डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपण आजारी आहोत असे समजून स्वतःची दवंडी मागे घ्यायची, अशी शिस्त त्यांना लावलेली होती, आणि त्यांनी ती पाळली. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सअ‍ॅप गेले, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत माणसांनी एकमेकांना ‘तुमचेही बंद का?’ असे प्रत्यक्ष तोंडाने विचारले. दुरुस्तीला निघालेल्या अभियंत्यांना दूरवरून आत शिरता येईना, कारण शिरायचा रस्ताही त्याच जाळ्यातून होता. प्रत्यक्ष पोहोचले तर डेटा सेंटरची सुरक्षा इतकी चोख की आत जायलाच वेळ लागला. सुमारे सहा तासांनी सारे पूर्ववत झाले. ‘शुभ सकाळ’च्या फुलांची वेळ मात्र चुकली नाही.

उपाय आहेत. पहिला जुनाच: ग्राहकाकडे कोणते पत्ते आहेत हे आधी लिहून घ्यायचे आणि त्यापलीकडचे ऐकायचे नाही. यात तंत्रज्ञान थोडे आणि कंटाळा फार, म्हणून तो टाळला जातो. दुसरा उपाय आरपीकेआय. हा पत्त्यांचा सातबारा समजावा. अमुक गटाची दवंडी अमुक एएसनेच द्यायची, असा डिजिटल सहीचा उतारा मालक करून ठेवतो आणि राउटर आलेली दवंडी त्याच्याशी ताडून पाहतो. मे २०२४ मध्ये आयपीव्ही४ च्या निम्म्याहून अधिक वाटांचे असे उतारे झाले होते. पण सातबारा मालकाचे नाव सांगतो, रस्त्याचे नाही. ‘मालक मी नव्हे, मालक माझ्या मागच्या घरात राहतो’ असे म्हणणाऱ्याला तो अडवू शकत नाही, आणि हाथवेसारखी गळती त्याच्या नजरेतून सुटते. गळतीसाठी २०२२ मध्ये वेगळी खूण ठरली. शेजारी ग्राहक, पुरवठादार की बरोबरीचा, हे पहिल्या भेटीतच बोलून घ्यायचे आणि खाली उतरलेल्या वाटेवर ‘आता वर न्यायची नाही’ असा शिक्का मारायचा. संपूर्ण यादीवर टप्प्याटप्प्याने सही घेणारा बीजीपीसेक २०१७ पासून कागदावर तयार आहे. त्याची अट अशी की वाटेतल्या प्रत्येक एएसने सही केली पाहिजे. मधल्या एकाने केली नाही तर साखळी तुटते आणि आधीच्यांचा खर्च वाया जातो. त्यामुळे आधी सही कोणी करायची याची वाट सगळेच पाहत आहेत, आणि बहुतेक राउटर ती सही मागतही नाहीत.